ईसीजी काढायला बाई हवी

(नशिराबाद येथे बचत गट आणि महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

‘मुलींसाठी रोजगाराच्या नव्या वाटा’ असा विषय मला दिलेला आहे. विषय मोठा आहे, आणि यादी वाचून दाखवायची तर ती तुम्हाला कुठल्याही छापील पत्रकात मिळेल. मी एकाच वाटेबद्दल बोलणार आहे. या वाटेवर गेलं वर्षभर आमच्या सहा मुलींबरोबर मीही चालते आहे. या मुली ईसीजी तंत्रज्ञाच्या परीक्षेची तयारी करताहेत. दोघी दोन वर्षांच्या पदविकेला आहेत, चौघी सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला. आठवड्यातून तीन संध्याकाळी इथे नशिराबादला आमच्या केंद्राच्या खोलीत त्यांचा अभ्यास चालतो. एकीचं बारावीनंतर लगेच लग्न झालं, एकीला नवऱ्याने टाकलेलं आहे, दोघी घरच्या कापसात वेचणीला जातात आणि बोंडांनी ओरखडलेल्या हातांनी वही उघडतात. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, वैद्यकीय शिक्षण माझं नाही. जे शिकले ते या मुलींबरोबर आणि आम्हाला येऊन शिकवणाऱ्या एका निवृत्त परिचारिका ताईंकडून.

तुम्ही म्हणाल, शिवणकाम, ब्युटी पार्लर, पापड हे सोडून मध्येच ईसीजी कुठून आला? तो एका मावशींमुळे आला. पन्नाशीच्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या. दोन दिवस जीव घाबरत होता, पाठीत आणि जबड्यात दुखत होतं, मळमळत होतं. घरच्यांना वाटलं पित्त झालं. शेवटी एका लहानशा खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी सांगितला. काढणारा मुलगा तरुण होता. तो म्हणाला, ब्लाऊज काढा. बस, एवढंच बोलला. पडदा नाही, चादर नाही, दार अर्धं उघडं. मावशी म्हणाल्या, ‘मले लाज वाटते बापा, उद्या येते,’ आणि उठून घरी आल्या. तिसऱ्या दिवशी त्रास वाढल्यावर जळगावला न्यावं लागलं. तिथे एका परिचारिकेने ईसीजी काढला तेव्हा कळलं, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता. मावशी वाचल्या, पण हृदयाचा जो भाग निकामी झाला तो झालाच.

गावात यावर काय चर्चा झाली? ‘बाईच अडाणी. डॉक्टरसमोर कसली लाज?’ मैत्रिणींनो, जिला जन्मभर पदर सावरायला शिकवलं, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही म्हणून बजावलं, तिने एका मिनिटात, अनोळखी मुलासमोर, उघड्या दारात छाती उघडी करायची, आणि नाही केली तर अडाणी? लाज आपण तिच्यात पेरायची आणि तिची किंमतही तिनेच मोजायची, हा कुठला न्याय?

गंमत बघा, छाती तपासण्याच्या विद्येत ही अडचण फार जुनी आहे. डॉक्टरांच्या गळ्यात असतो तो स्टेथोस्कोप मुळात एका बाईच्या छातीमुळेच जन्माला आला. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक नावाच्या डॉक्टरांकडे हृदयाच्या तक्रारीची एक तरुण बाई आली. तेव्हा डॉक्टर सरळ छातीला कान लावून ऐकत. तिचं वय आणि तिचं बाईपण बघता लेनेकना ते प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला, आणि ठोके आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. म्हणजे बाईच्या संकोचाचा मान ठेवला तर विद्या पुढे जाते. तिला अडाणी ठरवलं तर बाई घरी जाते.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. आनंदीबाई जोशींनी अमेरिकेला जाण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, सेरामपूरला जाहीर सभेत आपण का चाललो ते सांगितलं होतं. या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टरची गरज आहे, हे त्यातलं मुख्य कारण. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत खास बायकामुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढे सुरतेत काम केलं. आज स्त्री डॉक्टर जळगावातही पुष्कळ दिसतात. पण डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मधली जी माणसं असतात, रक्त काढणारी, एक्सरे काढणारी, ईसीजी काढणारी, तिकडे आपलं लक्ष कमी गेलं. बाईच्या अंगाला प्रत्यक्ष हात तर त्यांचाच लागतो.

आता ईसीजी म्हणजे काय, ते थोडक्यात. हृदय आकसतं तेव्हा त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह जातो. तो अंगावरून टिपून कागदाच्या पट्टीवर उमटवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये आइंटहोवेन यांनी यासाठी जे यंत्र बनवलं ते चालवायला पाच माणसं लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावं लागे. त्या कामाला १९२४ चं नोबेल मिळालं. आज ते यंत्र पिशवीत मावतं. हातापायाला चार चिमटे, छातीवर सहा इलेक्ट्रोड. यंत्र अंगात वीज सोडत नाही, अंगातली वीज फक्त वाचतं. ‘शॉक लागेल का वं?’ हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते, म्हणून हे मुलींना पहिल्या दिवशी शिकवलं.

सगळी मेख त्या सहा इलेक्ट्रोडमध्ये आहे. त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या बरगड्या मोजूनच सापडतात. गळ्याखालच्या खळगीतून बोट खाली आणलं की छातीच्या मधल्या हाडावर एक उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी. तिच्या खालची ती दुसरी फट. तिथून मोजत चौथ्या फटीत यायचं. हाडाच्या उजव्या कडेला पहिला इलेक्ट्रोड, डाव्या कडेला दुसरा. चौथा पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली. तिसरा दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. पाचवा आणि सहावा चौथ्याच्याच पातळीत काखेकडे. बाईच्या बाबतीत चौथा, पाचवा, सहावा हे स्तनाच्या खाली येतात. म्हणजे स्तन हाताच्या पाठीने हळूच वर उचलून खाली इलेक्ट्रोड लावावा लागतो. संकोच बाईला असतो तसा काढणाऱ्यालाही असतो. मग काय होतं? घाईघाईत इलेक्ट्रोड वरच कुठेतरी चिकटवले जातात. पट्टी निघते, सही होते, पैसे घेतले जातात. पण एक-दोन फटी वर लागलेल्या इलेक्ट्रोडची पट्टी खोटं बोलू शकते. नसलेला जुना झटका दिसू शकतो, असलेला दडू शकतो.

हे आज जास्त महत्त्वाचं झालं आहे. कारण आता बऱ्याच ठिकाणी लहान दवाखान्यातली पट्टी इंटरनेटवरून लांबच्या तज्ज्ञाकडे जाते आणि काही मिनिटांत निदान परत येतं. सोय चांगलीच आहे. पण लांबच्या तज्ज्ञाला फक्त पट्टी दिसते. इलेक्ट्रोड कुठे लावला होता ते त्याला दिसत नाही. ते फक्त काढणाऱ्या हाताला माहीत असतं. वेळेचंही तसंच. झटक्याचा संशय असलेला माणूस आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे, असं वैद्यकशास्त्र सांगतं. बाईची दहा मिनिटं ‘जाऊबाईला बोलवा’, ‘पडदा कुठाय’ यातच जातात. त्यात बायकांची लक्षणं. छातीत दुखणं बायकांतही असतंच, पण त्याबरोबर, कधी त्याशिवायही, धाप, मळमळ, पाठ-जबडा दुखणं, विलक्षण थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. थकवा म्हटल्यावर बाईला कोण तपासतं? ती तर रोजच थकलेली असते.

म्हणून म्हणते, ही परीक्षा म्हणजे सहा मुलींच्या नोकरीपुरती बाब नाही.

आता तयारी कशी चालते ते सांगते, म्हणजे तुमच्या गावात सुरू करायचं तर उपयोग होईल. पहिली अडचण भाषेची. पुस्तकं इंग्रजीत. आम्ही दोनशेच्या वर शब्दांची वही केली, डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठीत अर्थ. परीक्षेत इंग्रजी शब्द लागतोच, पण तो समजून लक्षात ठेवणं वेगळं आणि घोकणं वेगळं. दुसरी अडचण गणिताची, आणि ती भरतकामाने सोडवली. ईसीजीचा कागद चौकटींचा असतो. एक मुलगी म्हणाली, ताई, हे तर मॅटीच्या कापडासारखं आहे. खरंच तसं आहे. एक बारीक चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, पाच बारीक मिळून एक मोठी, म्हणजे ०.२० सेकंद. दोन ठोक्यांमध्ये किती मोठ्या चौकटी ते मोजायचं आणि तीनशेला त्याने भागायचं. चार चौकटी असतील तर मिनिटाला पंचाहत्तर ठोके. कापडावर टाके मोजणाऱ्या बायकांना हे अवघड जात नाही. अवघड आहे असं त्यांना सांगितलेलं असतं.

परीक्षेत हमखास विचारतात असे काही प्रश्न आमच्या भिंतीवर लावलेत. इलेक्ट्रोड दहा, मग लीड बारा कसे? उजव्या आणि डाव्या हाताचे चिमटे अदलाबदल झाले तर पट्टीवर काय दिसेल? पट्टी थरथरली तर रुग्णाला थंडी वाजतेय, ती घाबरलीय, की शेजारी पंखा-कूलरची वायर आहे? लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या. जळगावच्या मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड निसटतात, म्हणून आधी कोरड्या कापडाने पुसायचं. हे शेवटचं पुस्तकात एका ओळीत आहे, आमच्याकडे तो मोठा धडा आहे.

आणि एक धडा आम्ही स्वतः तयार केला. बाईचा ईसीजी कसा काढायचा. आधी नाव विचारायचं, काय करणार ते सांगायचं, मग हात लावायचा. दार बंद, पडदा ओढलेला. हातापायाचे चिमटे आधी, छातीचं शेवटी. चादर किंवा तिचाच पदर वर पांघरलेला ठेवायचा आणि लागेल तेवढाच बाजूला करायचा. मंगळसूत्र काढायला लावायचं नाही, इलेक्ट्रोडला लागणार नाही असं बाजूला सारलं की पुरे. बांगड्या उतरवायची गरज नाही, वर सारायच्या. हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या की आपल्याकडे बायका काय समजतात ते तुम्हाला सांगायला नको. त्या भीतीनेच ठोके वाढतात.

प्रात्यक्षिकासाठी मुली दार लावून एकमेकींच्या बरगड्या मोजतात. पहिल्या दिवशी नुसतं हसू. एकीने तर सांगितलं, माझ्या छातीला मी स्वतः कधी नीट हात लावून पाहिला नाही. आपल्या चळवळीत ‘आपलं शरीर ओळखा’ अशी शिबिरं आपण घेत आलो. इथे अभ्यासक्रमच ते करून घेतो आहे. चौथी फट शोधता शोधता एका मुलीला स्वतःच्या स्तनातली गाठ लागली. तपासली, साधी निघाली. पण तिने ती दाखवली, लपवली नाही.

आता पैशाचं आणि कागदाचं बोलू, कारण इथे मुली फसतात. रस्त्यावर, एस.टी. स्टँडवर फलक असतात: ‘सहा महिन्यांत टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी’. आई कानातलं मोडून फी भरते. नंतर कळतं, संस्थेला मान्यताच नव्हती, प्रमाणपत्र म्हणजे रंगीत कागद. म्हणून फी भरण्याआधी लेखी विचारा: अभ्यासक्रम कोणाचा? महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, की संस्थेचा स्वतःचा? मान्यतेचा क्रमांक कुठला? परीक्षा कोण घेतं? कुठल्या रुग्णालयात किती दिवस काम शिकवणार? ‘नंतर सांगतो’ म्हणाले तर उठून या.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०२१ साली केंद्राने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ईसीजी तंत्रज्ञाचं नाव आहे. एवढी वर्षं डॉक्टरचा ‘हाताखालचा माणूस’ म्हणून ज्यांची गणना झाली, त्यांना या कायद्याने व्यावसायिक म्हटलं, ही चांगली गोष्ट. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत अशा व्यावसायिकासाठी पदवी किंवा पदविका, किमान २००० तास आणि दोन ते चार वर्षं असं म्हटलं आहे. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र त्यात बसत नाही. आमच्या चौघींना मी हे स्पष्ट सांगितलं. एक दिवस सगळ्या गप्प होत्या. मग एकीने विचारलं, ‘ताई, दोन वर्षं घरचे थांबतील का?’ प्रश्न इथेच आहे. मुलगा असता तर थांबले असते. चौघींनी ठरवलंय, ही परीक्षा द्यायची, मिळेल ते काम धरायचं आणि त्या पैशातून पदविकेला जायचं. दोघींच्या घरी यावर अजून भांडण चालू आहे. मी रोज जाऊन बसते.

कामाच्या जागेचंही बोलायला हवं. ईसीजी रात्रीही लागतो. रात्रपाळी आली की घरचे नको म्हणतात. २०२३ पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालं, पण रात्री अकराला पाळी सुटणाऱ्या मुलीला अर्ध्या तिकिटाची बस कुठली? जाण्या-येण्याची सोय रुग्णालयाने करावी, ही मागणी नेमणुकीआधीच करायची. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात रुग्णालयं आणि नर्सिंग होम स्पष्टपणे आहेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हा धडा पुस्तकात नाही, पण आमच्या भिंतीवर तोही आहे.

आमच्याच बैठकीत एका मैत्रिणीने चांगला आक्षेप घेतला. ती म्हणाली, ‘बाईला बाईच हवी म्हणणं म्हणजे त्याच लाजेला खतपाणी नाही का? उद्या बाईला बाई वकील, बाई कंडक्टर, आणि आपण पुन्हा पडद्यात.’ यावर आम्ही दोन तास भांडलो. मला जे पटलं ते सांगते. आजारी बाईला लाज सोडायला शिकवण्याची जागा ईसीजीचं टेबल नव्हे. तिथे तिचा ईसीजी निघाला पाहिजे, तिच्या अटीवर. बाई तंत्रज्ञ मिळावी, नसेल तर सोबत दुसरी बाई उभी राहावी, हा तिचा हक्क आहे. त्याच वेळी पुरुष तंत्रज्ञांनाही विचारून हात लावायला, पडदा ओढायला शिकवलंच पाहिजे. आणि आमच्या मुली पुरुषांचेही ईसीजी काढणार आहेत. ‘लोक काय म्हणतील’ ते त्यांच्या घरी आतापासूनच विचारतात. तिथे मात्र लाजेशी दोन हात करावे लागतील, आणि त्या करताहेत.

शेवटी तुमच्याकडे तीन मागण्या. प्रत्येक मंडळाने आपल्या भागातल्या दवाखान्यांत जाऊन पाहावं: बाईचा ईसीजी कोण काढतं, पडदा आहे का, सोबतीला बाई मिळते का. नोंद करा, ती इथे पुढच्या बैठकीत मांडा. दुसरं, ज्या मुली शिकताहेत त्यांच्या फीसाठी गटाच्या कर्जात जागा ठेवा. म्हशीला कर्ज देतो तसं परीक्षेलाही देऊ. आणि तिसरं, पाठ दुखते, जीव घाबरतो असं म्हणणाऱ्या बाईला ‘पित्त असेल’ म्हणून सोडू नका. तिच्याबरोबर जा, आणि पट्टी निघेपर्यंत तिच्याजवळ उभ्या राहा.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. सहाही जणी आज इथेच मागे बसल्या आहेत. बैठक संपल्यावर त्यांना प्रश्न विचारा, तेवढीच त्यांची तोंडी परीक्षेची तयारी होईल.